मामा शब्द टाकतो

त्या शहरातल्या सगळ्या हॉटेलांची मागची दारं मला अजूनही डोळे मिटून सांगता येतील. पुढच्या दारानं लोक जेवायला जायचे, मागच्या दारानं आम्ही काम मागायला. मागच्या बाजूला कचऱ्याचे डबे, रिकामे क्रेट, विडी-सिगारेट ओढायला बाहेर आलेला एखादा आचारी, आणि त्याच्यासमोर मी, चेहऱ्यावर उसनं हसू आणून. "काही काम आहे का? कसलंही चालेल." आचारी मान हलवायचा. हंगाम संपला, पुढच्या महिन्यात या, नंबर ठेवून जा. माझा नंबर त्या शहरातल्या इतक्या कचराकुंड्यांत पडला असेल की एखाद्या मांजरानंही मला फोन केला असता.

मी नोकरी सोडून, पाठीला सॅक लावून परदेशात निघाले होते. तिकडच्या व्हिसावर कुठल्याही वयाच्या माणसाला हंगामी काम करायची सोय होती, म्हणजे चार दिवस काम करायचं, चार दिवस फिरायचं, असा बेत. घरात व्हायचं ते रामायण झालं. शेवटी आईनं माझ्याबरोबर मामाला धाडलं. मला तिनं गॅलरीत नेऊन सांगितलं, "मामी गेल्यापासून तो गप्प गप्प असतो गं. फिरायला नेतेस तर ने, पण त्याच्यावर लक्ष ठेव." मग स्वयंपाकघरात जाऊन त्याला सांगितलं, "पोरगी एकटी चाललीय. तिच्यावर लक्ष ठेव." हे आम्हाला विमानात, जेवणाच्या ट्रेवरची झाकणं उघडता उघडता कळलं. मामा एवढा हसला की त्याला ठसका लागला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. वय साठीच्या अलीकडे, अंगानं काटकुळा, चष्म्याची काडी एका बाजूला दोऱ्यानं बांधलेली. माझ्या मामेभावाची कॉलेजातली जुनी सॅक त्यानं आणली होती आणि तिचे सगळे पट्टे, छातीवरचे, कमरेवरचे, आवळून तो निघाला की कुणीतरी त्याला बांधून न्यायला लागलंय असं वाटायचं. आम्ही उतरलो होतो ते स्वस्तातलं वसतिगृह. लांबट खोली, दुमजली पलंग, दांड्यांवर वाळत घातलेले मोजे, आणि ओल्या बुटांचा जाईल तिथं वास. पहिल्याच दिवशी एका मुलीनं मामाला खालचा पलंग देऊ केला. मामा म्हणाला, "नको नको, मी चढतो की वर." ती म्हणाली, "बरं." झालं. तिथं दुसऱ्यांदा विचारायची पद्धत नव्हती. मामा रोज शिडी चढायचा, आणि गुडघा करकरला की मला ऐकू जाऊ नये म्हणून खोकायचा.

सकाळी आम्ही शहर वाटून घ्यायचो. नदीच्या अलीकडचे रस्ते माझे, पलीकडचे त्याचे. दुपारी बागेतल्या बाकावर भेटायचं, पाव आणि उकडलेली अंडी खायची. मी यायचे ती पाय ओढत, तोंड पाडून. मामा यायचा तो मात्र काहीतरी घेऊन. "त्या पुलापाशी बेकरी आहे ना, बघतो म्हणालेत." "रोपवाटिका आहे एक, मालक भला माणूस आहे. चहा दिला मला." मी म्हणायचे, "मामा, लोक तुला चहा देतात आणि मला नंबर ठेवून जा म्हणतात." तो म्हणायचा, "अगं, होईल. शब्द टाकून ठेवलाय."

हे शब्द टाकणं म्हणजे मामाचं सगळं आयुष्य.

तो कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. नट, बोल्ट, बेअरिंग, ग्रीस, जो येईल त्याला सही घेऊन द्यायचं. कारखान्यात त्याला सगळे 'वशिला' म्हणायचे. म्हणजे त्याचा कुठं वशिला होता अशातला भाग नाही. वशिला असता तर तो आयुष्यभर स्टोअरमध्येच कशाला राहिला असता? पण कुणाचं काही अडलं की मामा उठायचा, शर्ट खोचायचा आणि दुसऱ्याच्या कामासाठी तिसऱ्याच्या दारात जाऊन बसायचा. कुणाच्या मुलाचा शाळाप्रवेश, कुणाची बदली, कुणाच्या मुलीच्या लग्नाला हॉल. हात जोडून, हसून, चिकटपणानं. साहेब वैतागून काम करून टाकायचे, निदान हा समोरून उठावा म्हणून.

स्वतःचं मात्र काही मागायची वेळ आली की त्याची दातखीळ बसायची. कारखान्यात चिकटला तो माझ्या वडिलांनी शब्द टाकला म्हणून. त्या वेळी हा बाहेर बाकावर बसून होता आणि आत बोलावलं तेव्हा म्हणाला, "भावजी सांगतील तसं." मामी त्याला आवडली होती हे मामीला कळलं ते माझ्या आईकडून. बढती त्यानं कधी मागितली नाही, म्हणून कुणी दिली नाही. जेवताना भाजी कमी पडली तर हा नुसता पोळी खाऊन उठायचा. मामीला हे ठाऊक होतं. ती त्याच्या ताटाकडे लक्ष ठेवायची आणि तो काही म्हणायच्या आत वाढायची. चहा, औषधाची गोळी, हिवाळ्यात दुसरं पांघरूण, सगळं न मागता. मला वाटतं त्या घरात मामाला आपल्याला काही मागता येत नाही याचा पत्ताच कधी लागला नाही.

मामी गेली आणि सगळंच गाडं अडलं. मामेभाऊ त्याला आपल्या शहरात घेऊन गेला. वहिनी वाईट नाही, हे मी शपथेवर सांगेन. ती बिचारी कामावरून यायची आणि विचारायची, "बाबा, जेवायला वाढू का?" हा म्हणायचा, "असू दे, घाई नाही." ती समजायची भूक नाही. मग सगळे आपापल्या खोलीत, आणि हा हॉलमधल्या सोफ्यावर पाणी पिऊन आडवा. महिना-दीड महिन्यानं आई त्याला भेटायला गेली तर त्याची पँट कमरेत दुमडून पट्ट्यानं धरलेली. आईनं तिथंच रडून घेतलं आणि त्याला आमच्याकडे घेऊन आली.

तर असा हा माणूस माझ्याबरोबर परदेशात काम शोधत होता. माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. पडला नाही. मी माझ्याच पायांच्या फोडांत गुंतले होते.

आठवडे गेले. पैसे संपत आले. वसतिगृहात रविवारपर्यंतचे भरलेले होते, त्यानंतर एक तर काम नाहीतर परतीचं विमान. त्यातच मामेभावाचा फोन आला. "बाबा, पुरे झालं आता. या. तुमच्या घराला चांगला भाडेकरू मिळतोय, देऊन टाकू. इकडे हॉलमध्ये तुमच्यासाठी नवा पलंग घेतलाय." मामा म्हणाला, "बरं बरं. छान केलंस." फोन खिशात ठेवला आणि पावाचा तुकडा हातात धरून बसून राहिला.

"जायचं का मग?" मी विचारलं. खरं सांगायचं तर मला जायचं होतं. मी इतकी दमले होते की एखाद्यानं त्या बाकावरून उचलून मला आईच्या घरात टाकलं असतं तर मी विचारलंही नसतं, कोण तुम्ही. पण नोकरीवर लाथ मारून गेली आणि हात हलवत आली, हे ऐकायची तयारी नव्हती. आणि मामाचं काय?

मामानं पावाचा तुकडा कागदात परत गुंडाळला. मग म्हणाला, "मला कुणाकडे राहायला जायचं नाही गं. आता नाही. सगळे चांगले आहेत. पण पाहुण्यासारखं किती दिवस बसायचं माणसानं? इथं निदान मी कुणाचा पाहुणा नाही. काम मिळालं तर इथला हंगामभर राहीन. मग घरी जाईन, माझ्या घरी. हातात स्वतःची कमाई असली, की भाडेकरूचं नाव काढणार नाही तो."

एवढं लांबलचक बोलणं मी त्याच्या तोंडून मामी गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. मी अंड्याचं टरफल सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी माझे रस्ते सोडून पूल ओलांडून गेले. इकडची सगळी दारं झिजवून झाली होती. पलीकडे एका गल्लीच्या टोकाला मोठी लाँड्री होती. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तिथं धुवायला यायच्या. आवारात चाकांच्या जाळीदार गाड्या, त्यांत डोंगरासारखे कपडे, दारातून वाफ बाहेर येत होती. आतून एक जाडजूड बाई आल्या, रबरी चपला, चष्म्यावर वाफ धरलेली. त्या तिथल्या मुख्य. मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. बाईंनी चष्मा काढला, पदरासारख्या लांब ॲप्रनला पुसला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ती भाची तूच का?"

"कोण भाची?"

"तो बारीक माणूस येतो ना, चष्म्याला दोरा. रोज येतो. माझी भाची फार गुणी आहे, फार कष्टाळू आहे, सकाळी लवकर उठते." मी सकाळी लवकर उठते हे मला नवीनच होतं. "मी म्हटलं, घेऊन ये तिला. तर म्हणाला, ती लाजाळू आहे."

"आणि स्वतःसाठी? स्वतःसाठी काय म्हणाला?"

"काही नाही. मागच्या आठवड्यात माझा गाड्या ढकलणारा सोडून गेला. मी त्यालाच म्हटलं, तू येतोस का? काम जड नाही, सवय लागते. म्हणाला, आधी भाचीचं बघा."

बेकरीचं त्यांनी काही सांगितलं नाही, पण मला सांगायची गरजच उरली नव्हती. बेकरी, रोपवाटिका, आणखी कुठं कुठं. सगळीकडे मामा माझ्यासाठी हात जोडून उभा होता. मी नदीच्या अलीकडे स्वतःसाठी काम मागत होते आणि तो पलीकडे माझ्यासाठी. त्याच्यासाठी मागणारं कुणीच नव्हतं, आणि दुपारी आम्ही दोघं बाकावर बसून म्हणत होतो, नशीबच फुटकं.

"जागा अजून आहे," बाई म्हणाल्या. "एकच आहे. उद्या सकाळी या. तू ये, तो येऊ दे, मला फरक पडत नाही. पण ज्याला हवंय त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. ढकलून आणलेली माणसं माझ्याकडे टिकत नाहीत."

मी वसतिगृहावर आले ती धुमसतच. मामा पायऱ्यांवर बसून बुटांना ऊन दाखवत होता.

"मामा, तू लाँड्रीत रोज जात होतास?"

त्यानं ओळखलं. "झालं का तुझं काम? होणारच होतं. बाई वरून कडक आहे, पण—"

"माझं गेलं चुलीत! त्यांनी तुला विचारलं होतं. तुला! आणि तू नको म्हणालास?"

"अगं, नको कुठं म्हटलं? आधी हिचं बघा म्हटलं. तुझं झालं की माझं आपसूक—"

"आपसूक काही होत नाही इथं! एक जागा आहे. एक. माझं झालं की तू जाणार हॉलमधल्या पलंगावर. तुला काम हवंय की नाही? हो की नाही, एवढंच सांग."

तो बुटाची नाडी सरळ करत बसला. "तू घे ना. तुझं वय आहे. मी काय, कुठंही—"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिथं दुपारी कुणी नसायचं. फ्रीज घरघरत होता, ओट्यावर कुणाचं तरी भांडं तसंच पडलेलं. मी भांडी पुसायचं फडकं कमरेला बांधलं आणि म्हटलं, "मी लाँड्रीतली बाई. बोल."

मामा दाराशी उभा राहिला. शर्ट खोचला. हात जोडले. "नमस्कार. आपली काही अडचण नसेल तर..."

"माझी अडचण सोड. तुझं सांग."

"म्हणजे असं की, माणूस लागत असेल, आणि दुसरा कुणी मिळाला नसेल..."

"दुसऱ्याचं नाव काढायचं नाही."

"माझी भाची..."

"मामा!"

त्यानं खरंच प्रयत्न केला. मी पाहत होते ना. तोंड उघडायचा, मिटायचा, हसायचा, चष्मा सारखा करायचा. कपाळावर घाम आला. मला त्याची कीव यायला लागली आणि कीव आली म्हणून आणखी राग. शेवटी मी फडकं सोडून ओट्यावर टाकलं. "मामीनं फार लाडावून ठेवलंय तुला."

मामा हसला. "हो गं," म्हणाला, "ठेवलं खरं." आणि ओट्यावरचं ते कुणाचं तरी भांडं घासायला घेतलं.

मी मनाशी ठरवलं, सकाळी मीच बोलायचं. त्याच्यासाठी शब्द टाकायचा. बाई काय म्हणायच्या त्या म्हणोत. आणि हेही सांगून टाकते, मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं की बाई ऐकणारच नाहीत, मामा ऐनवेळी माझंच घोडं पुढे दामटेल, आणि मग जागा मला मिळेल. मी दमले होते, पण मिळालेली जागा कुणाला नको असते?

सकाळी लाँड्रीत गेलो. आत यंत्रं फिरत होती, जमीन पायाखाली थरथरत होती. दोन बाया चादरीची टोकं धरून घड्या घालत होत्या, पुढे येत होत्या, मागे जात होत्या. बाई टेबलाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात घडी घातलेला एक ॲप्रन होता.

"हं. कोण?"

मी लगेच सुरू झाले, "माझा मामा फार प्रामाणिक—"

बाईंनी पंजा दाखवला. "तू नाही."

मामा पायपुसण्यावर बूट पुसत होता. पुसून स्वच्छ झाले तरी पुसत होता. घड्या घालणाऱ्या बायांनीही हात थांबवले, निदान मला तसं वाटलं.

"ही चांगली मुलगी आहे," मामा म्हणाला.

मी डोळे मिटले. संपलं. आता हॉलमधला पलंग, आता भाडेकरू, आता 'घाई नाही, असू दे'. आणि त्याच क्षणी, खोटं कशाला बोलू, मला हायसंही वाटलं.

"खूप काम करते," मामा म्हणाला. "हुशार आहे. तिला कुठंही मिळेल."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि ॲप्रन माझ्याकडे केला. मी हात पुढे केला.

"पण मला काम हवंय," मामा म्हणाला.

आवाज एवढा बारीक की यंत्रांत बुडून गेला असता. बाईंनी कानाला हात लावला. "काय?"

मामानं वर पाहिलं. चेहरा लालबुंद झाला होता, चोरी करताना पकडलेल्या माणसाचा होतो तसा. "मला काम हवंय," तो मोठ्यानं म्हणाला. "तिला देऊ नका. मला द्या."

बाईंनी ॲप्रन माझ्या बोटांपासून वळवला आणि त्याच्या हातात दिला. एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायांनी पुढची चादर उचलली. मला आनंद झाला होता, खूप झाला होता, आणि त्याबरोबर गालावर कुणी मारल्यासारखं चुरचुरतही होतं. 'तिला देऊ नका' म्हणाला होता तो. आयुष्यात माझ्याबद्दल असं कुणाला म्हणाला नव्हता. मामानं माझ्याकडे पाहिलं नाही. ॲप्रन गळ्यात घातला, बंद मागे नेले, ते त्याला बांधता येईनात. थोडा वेळ तो मागे हात करून झटत राहिला. मग म्हणाला, "गाठ मार गं जरा."

मी गाठ मारली. कंबर इतकी बारीक होती की बंद दोनदा फिरवून पुढे आणावे लागले.

रविवारी मी एकटी परत निघाले. मामाला सुट्टी नव्हती. विमानतळावर बसून मी आईला फोन केला. तिला पहिल्यांदा वाटलं, काहीतरी विपरीत घडलं. मग कळलं की मी येतेय आणि तो राहतोय, तेव्हा तिचा आवाज एकदम भरून आला. "शहाणी गं माझी बाई. मामासाठी जागा सोडलीस ना? मला ठाऊक होतं, तू त्याच्यावर लक्ष ठेवशील."

हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. घरी गेल्यावर कौतुक झालं असतं, नोकरीचं कुणी काढलं नसतं.

"नाही, आई," मी म्हटलं. "मी नाही सोडली. मला देत होत्या त्या, मी हात पुढे केला होता. त्यानं मागून घेतली."

"कुणी?"

"मामानं."

मला वाटलं फोन तुटला. मी दोनदा हॅलो म्हटलं.

"काय म्हणाला?" आईनं विचारलं. "नेमकं काय म्हणाला तो? जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं.

"परत सांग," आई म्हणाली.